सोसायटीच्या पीककर्जामागचा माणूस : धनंजयराव गाडगीळ

मिरगाच्या तोंडावर सोसायटीत पीककर्जाचा अर्ज भरताना गटसचिव मुख्यतः दोन गोष्टी विचारतो. वावर किती, आणि त्यात काय पेरणार. कपाशीला हेक्टरी एवढे, सोयाबीनला तेवढे, तूर, मका, हरभऱ्याचे आणखी वेगळे. वावराचा बाजारात काय भाव चालला आहे, घर माडीचे आहे की कुडाचे, हे तो विचारत नाही. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण कळत्या वयापासून आपण हेच पाहत आलो. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी कर्जाची बोलणी गहाण काय ठेवणार इथून सुरू व्हायची आणि बहुतेक वेळा तिथेच संपायची. जमिनीच्या किमतीऐवजी पीक पाहून कर्ज द्यावे, हा विचार ज्यांनी हिशेबाने मांडला आणि सरकारच्या व रिझर्व्ह बँकेच्या गळी उतरवला, त्यांत धनंजयराव गाडगीळ यांचे नाव वरचे आहे. नगर-पुण्याकडे हे नाव लोकांच्या ओठांवर असते. आपल्या वऱ्हाडात ते फारसे निघत नाही, म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. लहानपण आणि शाळा मात्र नागपुरात झाली. म्हणजे अर्धे आपलेच म्हणायला हरकत नाही! नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती आणि १९०३ पासून आपला वऱ्हाडही त्याच प्रांताला जोडलेला होता.

त्या काळचा आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. खामगाव ही कापसाची नावाजलेली पेठ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला गेला, आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. कापूस गेला, पैसा आला, पण तो कास्तकाराच्या घरी फार थांबला नाही. कारण सरळ आहे. ज्वारी घरी खाता येते, कापूस विकावाच लागतो. पेरणीला सरकी, बैलाला ढेप, निंदणाला मजुरी, हा सगळा खर्च आधी करावा लागे. त्यासाठी पैसा देणारा सावकार किंवा अडत्या, आणि दिवाळीनंतर माल घेणाराही बहुधा तोच. व्याजही त्याने लावायचे आणि भावही त्यानेच करायचा. दोन्ही टोके एकाच हाती असली की मधल्या माणसाचे काय होते, ते सांगायला नको.

यावर उपाय म्हणून सरकारने १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. कल्पना मुळात जर्मनीची. तिथे रायफायझेन नावाच्या एका गावकारभाऱ्याने एकोणिसाव्या शतकात खेड्यातल्या लोकांच्या एकमेकांच्या जामिनावर चालणाऱ्या पतपेढ्या काढल्या होत्या. एकाने थकवले तर सगळ्यांनी भरायचे, असा तो कडक प्रकार. आपल्याकडे गावोगाव सोसायट्या निघाल्या, त्यांच्या वर मध्यवर्ती बँका निघाल्या. पण कर्ज देताना नजर जमिनीवरच राहिली. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचे भाव कोसळले, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या सोसायट्यांची कर्जे थकत गेली. १९३३ साली या प्रांताला कर्ज तडजोडीचा कायदाच करावा लागला. देशात असा कायदा करणारा हा पहिला प्रांत. पहिला नंबर आला, पण कशात आला ते पाहा.

इकडे हे चालू असताना गाडगीळ केंब्रिजला शिकून परत आले होते. भारतातल्या उद्योगधंद्यांची स्थिती कशी बदलत गेली यावर त्यांनी तिथे प्रबंध लिहिला आणि १९२४ साली तो पुस्तकरूपाने छापला गेला. तेव्हा त्यांचे वय होते तेवीस. आल्यावर मुंबई सरकारच्या अर्थखात्यात थोडे दिवस नोकरी केली, मग १९२५ पासून पाच वर्षे सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य होते. सरकारी नोकरीत राहिले असते तर मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले असते. पण १९३० साली रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, आणि गाडगीळ तिचे संचालक झाले. पुढची छत्तीस वर्षे, १९६६ पर्यंत, ते त्या खुर्चीवर होते.

आता आपण म्हणाल, पुण्यातल्या संस्थेचा आणि आपल्या वावराचा काय संबंध. संबंध असा की, या संस्थेने अर्थशास्त्र पुस्तकांतून काढून गावात आणले. माणसे गावोगाव पाठवायची, घराघरांतला जमाखर्च उतरवून घ्यायचा, मग बोलायचे. पुण्याच्या फळबाजाराची पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. बागेतल्या फळाला गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशातले बागवानाला किती मिळतात आणि मधल्यामध्ये कुठे किती गळतात, हा त्यातला विषय. वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी १९४० साली आली. आमच्या खात्यात आज उत्पादन खर्चाचे तक्ते भरले जातात, त्यांचा वंश शोधायला गेलो तर तो अशा पाहण्यांपर्यंत जाऊन पोचतो. फरक एवढाच, की तेव्हा ते तक्ते वाचलेही जात असत.

या पाहण्यांतून गाडगिळांचे एक मत पक्के होत गेले. शेतकरी कर्जबाजारी होतो तो उधळ्या असतो म्हणून, हे त्या काळी साहेब लोकांचे आवडते स्पष्टीकरण होते. लग्नात खर्च करतो, तेरवीत खर्च करतो, वगैरे. गाडगीळ हिशेब मांडून दाखवत की मुळात धंद्यातच पुरेसे उरत नाही, आणि जे उरते ते विक्रीच्या वेळी हातचे जाते. म्हणून केवळ स्वस्त व्याजाचा पैसा दिला तर शेतकरी तरणार नाही. १९४४ साली शेतीच्या कर्जपुरवठ्यावर सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९४५ साली तिचा अहवाल आला. जमिनीला झेपेल एवढेच जुने कर्ज ठेवून बाकीचे कायद्याने कमी करावे, आणि प्रत्येक प्रांतात शेतीकर्जासाठी स्वतंत्र महामंडळ काढावे, असे त्यात सुचवले होते. महामंडळाची सूचना तेव्हा बाजूला पडली आणि सहकारी बँकांवरच भर ठेवण्याचे ठरले. गाडगिळांनी रुसवा धरला नाही. सहकारच करायचा तर तो नीट करू, म्हणून ते त्यातच उतरले.

नुसते कागदावर लिहून थांबणारा हा माणूस नव्हता, हे प्रवरानगरला दिसले. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली आपल्या गावात पतपेढी काढली होती. शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढायचा घाट त्यांनी घातला, तेव्हा गाडगीळ त्यांच्या मागे उभे राहिले. सहकार चळवळीतले वैकुंठभाई मेहता त्या वेळी मुंबई राज्यात मंत्री होते, त्यांचीही मदत झाली. १९५०-५१ साली पहिला हंगाम झाला. ज्याचा उसाशी काडीचा संबंध नाही असा पुण्याचा प्रोफेसर त्या कारखान्याचा अध्यक्ष म्हणून सुमारे दहा वर्षे काम पाहत होता. तिथल्या बागायतदारांनीच त्यांना तो मान दिला. आपल्याकडे आता संस्थेचा अध्यक्ष निवडताना काय पाहिले जाते, ते आपण जाणताच.

यानंतरचे काम सगळ्यांत मोठे. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली देशभरातल्या ग्रामीण कर्जाची पाहणी हाती घेतली. गोरवाला हे समितीचे अध्यक्ष, आणि गाडगीळ तिचे एक सभासद. ७५ जिल्हे, प्रत्येक जिल्ह्यातली ८ गावे, म्हणजे ६०० गावे, आणि त्यांतली १,२७,३४३ कुटुंबे. एवढी मोठी पाहणी देशात आधी झाली नव्हती. १९५४ साली अहवाल बाहेर आला. शेतकऱ्याने घेतलेल्या दर १०० रुपयांच्या कर्जात सहकारी सोसायट्यांचे निघाले फक्त ३ रुपये. सरकारी तगाईचेही तेवढेच. व्यापारी बँकांचा तर पुरता रुपयाही नाही. सोयरे-नातेवाईक १४ रुपये, आणि सावकार सुमारे ७० रुपये. सहकाराच्या पन्नास वर्षांच्या खटाटोपाचे फळ म्हणजे शंभरातले तीन!

दुसरी समिती असती तर सहकार गुंडाळा असे लिहून मोकळी झाली असती. या समितीने चळवळ फसल्याचे स्पष्ट मान्य केले, आणि तरीही खेड्याला दुसरा मार्ग नाही, तेव्हा ती यशस्वी करावीच लागेल असा निष्कर्ष काढला. त्यासाठी तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंफल्या. सरकारने सहकारी बँकांत भागीदार म्हणून भांडवल घालावे. कर्जाची सांगड मालाच्या विक्रीशी आणि प्रक्रियेशी घालावी. माल साठवायला गोदामे हवीत. आणि मोठ्या बँकेच्या शाखा आडगावी पोचाव्यात. यातूनच १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली, आणि १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आले.

पीककर्ज पद्धतही याच विचाराचा भाग. मुंबई राज्यात ती आधीपासून काही प्रमाणात सुरू झाली होती, या अहवालाने ती देशासाठी सुचवली. तिची रचना जाणून घेण्यासारखी आहे. एकरी खर्च किती येतो ते पिकावार ठरवायचे. थोडे रोख द्यायचे, मजुरीसाठी. थोडे खत-बियाण्याच्या रूपाने द्यायचे. आणि पीक विकले गेले की विक्री करणाऱ्या सहकारी संघानेच कर्जाची रक्कम कापून सोसायटीत भरायची. जुन्या मंडळींना खरेदी-विक्री संघातून खत उचलण्याची सोसायटीची परमिटे आठवत असतील, ती या दुसऱ्या भागातली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात सामील झाला आणि ही घडी आपल्याकडच्या सोसायट्यांतही बसू लागली.

इथे एक नीट ध्यानात घ्या. सावकाराच्या हाती दोन टोके होती, उसने देणे आणि माल घेणे. गाडगिळांनी ती दोन्ही टोके शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या हाती द्यायची ठरवली. नुसते एक टोक दिले तर बँक बुडणार, हे त्यांना दिसत होते.

त्यांच्या विचारातला एक भाग मात्र आपण अर्धाच घेतला. कर्ज पिकावर द्यायचे तर ते पिकवणाऱ्याला मिळायला पाहिजे, मग वावर कोणाच्याही नावे असो. आपल्याकडे आजही सातबारा आणि आठ-अ शिवाय सोसायटीत कोणी उभे करत नाही. बटईने किंवा ठोक्याने वाहणारा कास्तकार सगळी जोखीम घेतो, पण कर्ज, विमा, अनुदान हे सगळे मालकाच्या नावावर. माझ्या मते पीककर्जाचे हे सर्वांत मोठे भोक आहे.

पुढच्या काळात गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेवर गेले, आणि १९६७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना कोणत्या निकषावर वाटायची याचे त्यांनी बसवलेले सूत्र गाडगीळ सूत्र म्हणूनच ओळखले जाते. जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटाने एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेकडे द्यावी असे सुचवले, आणि वर्षअखेर अग्रणी बँक योजना आली. बुलडाण्याला दरसाल जिल्ह्याचा पतआराखडा तयार होतो, तो या योजनेमुळे. दिल्लीतले पद सोडल्यावर थोड्याच दिवसांत, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे आपल्याला माहीत असलेले माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव.

ते गेले आणि पुढच्याच वर्षी, १९७२ साली, आपल्या भागात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. या योजनेला आपण शिव्याही पुष्कळ दिल्या. ग्रेडरची मनमानी, केंद्रावर गाड्यांच्या रांगा, महिनोन् महिने अडकलेले चुकारे. त्या शिव्या खोट्या नव्हत्या. पण त्या चुकाऱ्यातून सोसायटीचे कर्ज आधी वळते व्हायचे आणि उरलेले हाती पडायचे. म्हणजे गाडगिळांनी सांगितलेली सांगड, कशी का होईना, इथे घातलेली होती. नव्वदच्या दशकात मेहकर, चिखली, लोणारकडे सोयाबीन पसरले. ते खासगी अडतीत जाऊ लागले. २००२ नंतर कापसाचीही खासगी खरेदी मोकळी झाली. शेतकऱ्याला चार गिऱ्हाइके मिळाली, हे चांगलेच झाले. पण सोसायटीकडे कर्ज देण्याचे एकच टोक उरले. वसुलीसाठी गटसचिवाला दारोदार फिरायची आणि मार्चअखेर कागदावर नवं-जुनं करायची पाळी आली.

त्यानंतर काय झाले ते आपण सोसले आहे. मे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलडाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांना नव्या ठेवी घ्यायला बंदी केली. किमान ४ टक्के भांडवलाची अट या बँकांना पूर्ण करता आली नव्हती. कोणी कारभाराला दोष देतो, कोणी दुष्काळाला, कोणी कर्जमाफीची वाट पाहण्याच्या सवयीला. मला वाटते, तुटलेल्या सांगडीकडे त्यामानाने कमी लोकांनी पाहिले. ठेवी अडकल्या, पीककर्जासाठी सोसायटीचा सभासद राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात जाऊन बसला. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने चार राज्यांतल्या अशा २३ बँकांसाठी मदतीची योजना मंजूर केली, आपली बँक त्यांत होती. सरकारी भांडवल आले आणि पुढे परवानाही मिळाला. सरकारने भागीदार व्हावे ही सूचना गाडगिळांच्या समितीचीच. पण सभासदांचे भांडवल वाढेल तसे सरकारने आपले काढून घ्यावे, असेही तिला अपेक्षित होते. आपल्याकडे सरकार आत आले, ते बाहेर पडण्याची वेळच आली नाही.

शहरी सहकारी बँकाही याच मुशीतल्या. जुलै २०२३ मध्ये मलकापूर अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण असते हे अनेकांना पहिल्यांदा कळले. त्यावरची रक्कम एकाच बँकेत ठेवायची की नाही, हे ज्याने त्याने पाहावे.

उलट बाजूचेही एक उदाहरण जिल्ह्यातच आहे. १९८६ साली सुरू झालेल्या बुलडाणा अर्बन पतसंस्थेने गोदामे बांधली आणि त्यांत ठेवलेल्या मालावर कर्ज द्यायला सुरुवात केली. १९५४ च्या अहवालातली गोदामांची सूचना आठवा. माल आपल्या ताब्यात असेल तर भाव पडलेला असताना विकायची घाई नको, आणि संस्थेलाही वसुलीची धास्ती नको.

बाजार समित्यांतही अशी सोय आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा असा माल समितीच्या गोदामात ठेवला की त्या दिवशीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. माल शेतकऱ्याचा स्वतःचा पाहिजे, व्यापाऱ्याचा चालत नाही. सोसायटीचे पीककर्जही मुदतीत भरले तर ३ लाखांपर्यंत शून्य टक्के व्याजाची सवलत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या योजनेत २०२१ च्या खरिपापासून लागू झाली. मुदत गेली की ही सवलतही गेली. म्हणून ज्यांचे सोयाबीन काढून झाले आहे पण भाव पटत नाही, त्यांनी ते पडत्या भावात देण्याआधी समितीत जाऊन गोदामात जागा आहे का याची चौकशी करावी. सातबाऱ्यावर त्या पिकाची नोंद झालेली आहे का, ते तलाठ्याकडून आधी पाहून घ्यावे. नोंद नसेल तर काम तिथेच अडते.